कासवाच्या अंड्यांचा तिसरा रकाना

लोणावळ्याला समुद्र नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे कासवांच्या अंड्यांचे चोर मोजायला गेलो. ज्यांना ज्यांना हे सांगितलं, ते आधी हसले. पुण्यातला माझा खोलीसोबती म्हणाला, "लोक लोणावळ्याहून चिक्की आणतात, तू चोर आण. शेंगदाण्याचे असले तर बघ."

मी तेव्हा पुण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे मुलांना बेडूक चिरून दाखवायचा आणि फॉर्मलिनच्या बाटल्यांवरची धूळ पुसायची. आमच्या विभागाचे सर मात्र मोठे फिरते गृहस्थ. त्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर एक अख्खा हंगाम समुद्री कासवांची घरटी मोजली होती. किती घरटी शाबूत राहतात आणि किती माणसं उकरून नेतात, याचा हिशेब त्यांनी मांडला होता. वन्यप्राण्यांचा नवा कायदा नुकताच आला होता, आणि कुठल्याशा कचेरीला गोड्या पाण्यातल्या कासवांबद्दलही तसाच हिशेब हवा होता. सरांनी बोट माझ्याकडे केलं.

"तुंगार्लीचा तलाव," सर म्हणाले. "त्याचा मागचा काठ. शनिवार-रविवार जायचं, दिवाळीची सुट्टी सलग राहायचं. किती घरटी माणसं लुटतात, एवढा एक आकडा आण. निम्म्याच्या वर गेला तर त्या काठाला तारेचं कुंपण घालणार आहेत. माणसांना बंदी."

उद्या ढगाळ राहील असं रेडिओवर ऐकावं, तसं मी हे ऐकलं. कुंपण कुणाला अडवणार, हा प्रश्न मनात आलासुद्धा नाही.

मी निघालो तो थाटात. खाकी हाफपँट, खांद्याला शबनम आणि डोक्यावर सोला हॅट. ही हॅट आमच्या गॅदरिंगच्या सामानातली होती. एका नाटकात ती इंग्रज कलेक्टरने घातली होती आणि तिसऱ्या अंकात त्याचा खून झाला होता. मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्याचं आउटहाउस मला राहायला मिळालं. पहिल्या सकाळी मी तलावाच्या मागच्या काठावर पोचलो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. समोरच्या खडकांवर धुणं धुणाऱ्या बायकांनी कपडे आपटणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दरारा.

आता थोडं कासवाबद्दल. तलावातलं कासव जेवणाच्या ताटलीएवढं. पाऊस ओसरला, की भाद्रपद-आश्विनात मादी पाण्याबाहेर येते, मऊ जागा बघून मागच्या पायांनी वीतभर खड्डा करते, त्यात आठ-दहा अंडी घालते, माती लोटते आणि परत पाण्यात जाते. पुन्हा ढुंकून बघत नाही. अंडी पांढरी, गोल, मोठ्या गोटीएवढी. ती थंडीभर, उन्हाळाभर तशीच मातीत पडून राहतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर फुटतात. इतके महिने जमिनीखाली बेवारस पडलेली दुसरी कुठलीही खाण्याची वस्तू मला तरी माहीत नाही.

मोजण्याची पद्धत सरांनी समुद्रावरची दिली होती. तिथल्या वाळूत लुटलेलं घरटं म्हणजे खड्डा आणि विखुरलेली टरफलं. सपाट राहिलेलं घरटं म्हणजे शाबूत. वहीत दोन रकाने. मी मोडक्या छत्रीची एक काडी घेतली. काठावर ती टोचत जायचं. जिथे भसकन आत जाईल तिथे घरटं. मग हाताने माती काढायची, अंडी एक-एक करून रुमालावर मांडायची, मोजायची, परत खड्ड्यात ठेवायची आणि वर माती. हे सगळं मी अतिशय काळजीने करत असे. माझ्या त्या काळजीची गोष्ट पुढे येणारच आहे.

दिवाळी संपेपर्यंत माझ्या वहीत दोन थक्क करणाऱ्या गोष्टी जमल्या. एक म्हणजे निम्म्याहून जास्त घरटी फोडलेली होती. जिकडे बघावं तिकडे खड्डे, टरफलांचे तुकडे, सगळा धुडगूस. आणि दुसरी गोष्ट शास्त्राला हादरवणारी होती. शाबूत घरट्यांत क्वचित एखाद्यात आठ-दहा अंडी मिळत. बाकी सगळ्यांत दोन. नेमकी दोन.

मला त्या रात्री झोप आली नाही. पुस्तकात आठ-दहा, आणि मावळात दोन! डोंगरावरच्या थंड हवेमुळे इथल्या कासवांनी कुटुंब आवरतं घेतलं असणार. तेव्हा भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण सगळीकडे होताच. मी सरांना चार पानी पत्र लिहिलं आणि शेवटी, या पोटजातीला कुणाचं नाव द्यावं याबद्दल नम्रपणे मौन पाळलं. सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. "दोन अंडी? कासव आहे की कबूतर? नीट बघ. लुटलेल्यांचा आकडा मात्र कामाचा आहे, तो कचेरीला कळवतो."

पोटजात गेल्याचा राग मी चोरांवर काढायचं ठरवलं. तलावाच्या वरच्या अंगाला डोंगरवस्ती होती, दहा-बारा घरांची. भाताची एखाद-दुसरी खाचरं, बाकी गवत कापायचं, मोळ्या बांधायच्या, बाजारात न्यायच्या. मी रुमालात पुराव्याची टरफलं बांधली, हॅट घातली आणि वस्तीवर चालून गेलो. अंगणात चार बायका गवताच्या पेंढ्या बांधत बसल्या होत्या. त्यांतली एक पन्नाशीची, काटक, तोंडात मशेरी. धुण्याच्या खडकावरून पहिल्या दिवसापासून माझ्याकडे बघत असलेली ती हीच. सगळ्या तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हटलं.

"मावशी, हे काय आहे?" मी रुमाल उलगडला. नाटकातल्या कलेक्टरने याहून चांगलं केलं नसतं.

"टरफलं," ती म्हणाली.

"कुणाचं काम हे?"

तिने एक तुकडा उचलला, उन्हात धरला, त्याची कड अंगठ्याने चाचपली. "मुंगसाचं. हे बगा, दात लागल्यात. कोल्ह्यानं खाल्लं आस्तं तर येवडा तुकडाबी ऱ्हात न्हाई. आन जितं खड्डा हाय पर टरफलंच न्हाईत, तितं घोरपड. ती आख्खं गिळती."

दुसरी बाई पदराआड हसली. "मास्तर, मग मुंगसाला बेड्या घाला की!"

"आन घोरपडीची जबानी घ्या," तिसरी म्हणाली. "लय खरं बोलती ती."

मी हॅट सावरली. "म्हणजे तुम्ही लोक अंडी घेतच नाही म्हणायचं?"

"घेतो की," मावशी म्हणाली. "कोन म्हन्तं न्हाई? राखंत भाजून मिटासंगं खातो. पर आमी आसा उकिरडा करतो व्हय?" आता तिचा आवाज चढला. तिला चोर म्हटल्याचं काहीच वाटलं नव्हतं. गबाळी म्हटल्याचं लागलं होतं. "आवं, मानसाच्या हाताचं काम हाय ते! माती बाजूला घ्यायची, वरची वरची काढायची, बुडाची दोन हाय तशी ठिवायची. बोट लावायचं न्हाई त्यास्नी. मग माती लोटायची आन तळव्यानं थापायची. आमी हात लावलाय हे बगनाऱ्याला कळलं, तर आमची लाज."

"दोन?" मी म्हणालो. माझा आवाज अगदी बारीक निघाला.

"दोन. येक ठिवून चालत न्हाई. येकट्या पिल्लाला माती उकलत न्हाई, वाळली की दगुड हुती ती. दोगं आसली की येक वर ढकलतं, येक खालनं रेटतं. माजी आजी सांगायची. आन घ्यायचं ते दिवाळीपतोर. म्होरं अंड्यात जीव धरतो, मग न्हाई."

मी तिथेच पेंढीवर बसलो. माझी संपूर्ण वही उलटी होती. जे जे मुंगसाने केलं, ते मी माणसांच्या नावावर लिहिलं होतं. आणि जिथे जिथे माणसाचा हात पडला होता, तिथे 'शाबूत' असं लिहून शेजारी कौतुकाने 'दोन अंडी' अशी नोंद केली होती. चोरी इतकी नीटनेटकी होती, की मी तिलाच निसर्ग समजलो होतो.

"पर तू हे लिवतोस कशापायी?" मावशीने विचारलं. 'तुमी'वरून ती 'तू'वर आली होती. मी पेंढीवर बसल्यामुळे असेल.

मी सांगितलं. कचेरी, आकडा, निम्म्याच्या वर गेला तर कुंपण. हसणं थांबलं. पेंढ्या बांधणारे हातही थांबले.

"कुंपन कुटं?"

"मागच्या काठाला. तुमच्या बाजूला."

"मग उनाळ्यात पानी?" ती म्हणाली. "वस्तीची हीर शिमग्यालाच तळाला जाती. म्होरं समदं ह्याच काठावरनं. त्या अंगाला बंगलं हायत, त्यांची कुत्री सुटी आसत्यात. हंडा घिऊन कुटनं जायाचं?"

ती उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "मी तुला हाय ते खरं सांगिटलं. आता तुज्या वहीचं तू बग."

खोटं बोलण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे, माझे स्नेही याची ग्वाही देतील. एखादी गोष्ट रंगवायची म्हटली की मी मुंगसाला बेड्याही घालीन. पण त्या आठवड्यात गाडीने पुण्याला परतताना मला कळलं, की गोष्टीतलं खोटं आणि रकान्यातलं खोटं यांत फरक आहे. गोष्टीतलं खोटं ऐकणारा हसून सोडून देतो. रकान्यातल्या खोट्यावरून कुणीतरी खांब पुरतो. जुना आकडा तसाच ठेवला, तर मुंगसाच्या पापासाठी बायकांचं पाणी बंद. खरं लिहिलं, तर आकडा निम्म्याखाली येई, पण मुंगसातून वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक घरट्याला माणसाचा हात लागलाय, हे कचेरीला कळे. पाणी तरीही बंद. आणि तिने जे मला अंगणात बसवून सांगितलं होतं, ते मी लिहिणार म्हणजे तिच्याच तोंडून तिच्याविरुद्ध साक्ष.

सरांना मी सगळं सांगितलं, पोटजातीसकट. सर पोट धरून हसले. मग टेबलावर पेन आपटत राहिले.

"दोन ठेवतात," ते म्हणाले. "म्हणजे मोजायचं काय? नेलेली की राहिलेली?"

"मला काय माहीत सर."

"कचेरीला कळवतो, की पावसापर्यंत थांबा. त्या दोनांतून पिल्लं निघतात का ते बघ. निघाली, तर त्या बायकांच्या बाजूने बोलायला तोंड आहे. नाही निघाली, तर कुंपण. मग मी काही करू शकणार नाही."

मे महिन्याच्या सुट्टीत मी पुन्हा आउटहाउसमध्ये मुक्काम टाकला. या खेपेला हॅट आणली नाही. तलाव आत सरकला होता, काठाला भेगा पडल्या होत्या. बायका सकाळ-संध्याकाळ हंडे घेऊन मागच्या काठाने उतरत, चढत. मी त्यांना मोजत नव्हतो, तरी डोळे आपोआप मोजत. एकेक हंडा माझ्या वहीवर ठेवल्यासारखा वाटे.

माझ्या वहीतली घरटी मला माहीत होती. पण मावशीने हात लावलेली आणखी काही होती, जी माझ्या छत्रीच्या काडीला सापडली नव्हती. ती दाखवायला ती स्वतः आली. काडी तिने तिरस्काराने बाजूला केली. अनवाणी पायाने काठावरून सावकाश चालायची, टाच दाबायची, थांबायची. "हितं."

"कसं कळतं?"

"टाचंला कळतं. तुज्या चपला काड."

मी चपला काढल्या. मला फक्त काटे कळले. तिने दाखवलेल्या प्रत्येक जागेशेजारी मी एकेक दगड ठेवला. उकरलं मात्र नाही. तिने उकरू दिलं नाही.

ज्येष्ठात दोन-तीन वळीव पडून माती भिजली आणि एका सकाळी तिच्या एका दगडाशेजारी जमीन हलली. आधी एक भेग. मग एक ओलं, काळसर नाक. मग जुन्या रुपयाएवढं एक कासव आणि त्याच्या मागोमाग, त्याच्या पाठीला टेकून, दुसरं. मी ओरडलो. खडकावरच्या बायकांना वाटलं साप. मावशी पदर खोचून धावत आली, आणि आम्ही दोघं उकिडवे बसून ती दोन पिल्लं पाण्यात पोचेपर्यंत बघत राहिलो. तेवढ्या हातभर अंतराला त्यांना इतका वेळ लागला, की माझे पाय बधिर झाले.

पुढच्या आठवडाभरात तिच्या दगडांजवळून पिल्लं निघत राहिली. सगळीकडून नाही. कुठे दोन, कुठे एकच, कुठे काही नाही. पण निघाली. मी आनंदाने नाचायचा बाकी होतो. खरं म्हणजे, एकदा नाचलोही.

माझ्या वहीतल्या घरट्यांतून मात्र एकही पिल्लू आलं नाही.

पाऊस लागायला दोन-चार दिवस उरले, तेव्हा मी ती उघडली. पहिल्यातून वास आला. दुसऱ्यातूनही. जिथे माझ्याआधी कुणीच हात लावला नव्हता, पुरी आठ-दहा अंडी होती, तिथेही तेच; काहींना छत्रीच्या काडीची भोकं होती, बाकीची धडधाकट दिसत होती आणि आत कुजलेली. मावशीने ठेवलेली, पण मागाहून मी मोजलेली दोन-दोनसुद्धा. काठभर मी आणि माझा रुमाल जिथे जिथे गेलो होतो, तिथे तिथे हेच.

मावशी शेजारी येऊन उभी राहिली. तिने एक अंडं हातात घेतलं, फिरवलं.

"तू ही भाईर काडलीवतीस?"

"मोजायला. पण लगेच परत ठेवली. अगदी काळजीने."

"हाय तशी ठिवलीस? वरची बाजू वर?"

अंड्याला वरची बाजू असते, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. गोल वस्तू, कशीही ठेवली तरी गोलच.

"कोंबडी अंडी फिरवती," ती सावकाश म्हणाली, लहान पोराला सांगावं तशी. "कासवीन फिरवत न्हाई. जीव वर चिकाटतो, मग उलटं केलं की बुडतो. म्हून तर आमी बुडाच्या दोनांस्नी बोट लावत न्हाई." मग माझा चेहरा बघून तिने अंडं खाली ठेवलं. "आसू दे. तुला कुटं ठावं हुतं."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

अहवाल मी आउटहाउसमध्ये बसून लिहिला. दोन रकाने पुरेनात, म्हणून तिसरा आखला. पहिल्यात जनावरांनी फोडलेली घरटी. दुसऱ्यात माणसांनी हात लावलेली, शेजारी 'दोन ठेवून' आणि त्यांतून निघालेल्या पिल्लांची नोंद. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, 'मोजणीदार'. मावशीच्या रकान्यात नेलेल्या अंड्यांचा आकडा मोठा होता, ते मी लपवलं नाही. पण ज्या घरट्यांतून काहीच जन्मलं नाही, त्यांत मुंगसाच्या खालोखाल मीच होतो.

सरांनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"हा तिसरा रकाना काढून टाकलास तर?"

"तर बाकीचे दोन खोटे ठरतील सर."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "कोकणात मीही बाहेर काढूनच मोजत होतो. अंडी मऊ असतात ती, पिंगपाँगच्या चेंडूसारखी. कोळी माणसं किनाऱ्यावर उभी राहून बघायची. एक म्हातारा रोज काहीतरी सांगायला यायचा. मी त्याला म्हणायचो, आबा, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

मग त्यांनी माझ्या अहवालाखाली स्वतःच्या हाताने आणखी दोन ओळी घातल्या: समुद्रावरच्या आपल्या हिशेबातही हा रकाना राहून गेला आहे, आणि तो धरल्याशिवाय कुणाचीही वाट बंद करू नये.

कचेरीचं उत्तर दोन-तीन महिन्यांनी आलं. अंडी नेणं कायद्याने मना आहे, ते वस्तीला समजावून सांगावं. कुंपणाचा विचार तूर्त स्थगित. मोजणीच्या पद्धतीचा फेरविचार व्हावा.

'तूर्त' हा शब्द मी मावशीला सांगितला नाही. बाकीचं सांगितलं, कायद्याचंही. ती म्हणाली, "सांगिटलंस, आयकलं." त्या वर्षी तिने अंडी घेतली की नाही, ते मी विचारलं, तिने खरं सांगितलं आणि मी ते दुसऱ्या रकान्यात लिहिलं. आमच्यात तेवढं ठरलेलंच होतं. मग तिने वही आपल्याकडे ओढली. तिला वाचता येत नव्हतं.

"मी कुटं हाय?"

मी बोट ठेवलं.

"आन तू?"

मी शेजारी बोट ठेवलं. ती दोन्ही बोटांकडे बघून एवढी हसली, की मशेरीचा ठसका लागला.

त्या आश्विनात आम्ही काठावरून बरोबर चाललो. ती टाचेने, मी तिच्या मागे अनवाणी. घरटं उघडावंच लागलं तर मी अंडं उचलण्याआधी त्याच्या वरच्या अंगाला शिसपेन्सिलीने एक ठिपका काढायचो आणि ठिपका वर ठेवूनच ते परत मातीत जायचं. "टिकली लावतोस व्हय?" तिने विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बायका मला विचारू लागल्या, आज किती जणींना सजवलंस म्हणून. घरट्यांशेजारी ठेवलेले दगड मी थंडीत उचलायला गेलो, तर मावशी म्हणाली, ऱ्हाऊ दे.

शिमगा झाला, विहीर तळाला गेली आणि हंडे पुन्हा मागच्या काठाने उतरू लागले. बंगल्याच्या बाजूने मी बघत होतो. बायकांची पायवाट वर्षानुवर्षं वस्तीपासून पाण्यापर्यंत सरळ येत असे. त्या वर्षी ती माझ्या दगडांपाशी वाकली, दोन दगडांना वळसा घालून पुढे गेली, आणखी एकाला वळसा घातला आणि मग पाण्याला लागली. भरला हंडा डोक्यावर घेऊन चढताना तो वळसा त्यांना जड जात असणार. मागची एक तरुण बाई सरळ चढायला लागली, तशी पुढून मावशी मान न वळवता म्हणाली, "भवानी, टाच बग कुटं टाकतीस."